कुन्नूरचे ‘मराठा’ उंदीर : वय सर्वांना सारखे का लागत नाही?

मलकापूरहून बुलढाण्याकडे जाताना राजूर घाट चढण्यापूर्वी मोताळा लागते. ज्वारी, तूर आणि कापूस यांचा हा जुना मुलूख. अलीकडे सोयाबीन आणि मकाही आला. जवळच नळगंगेचे धरण. अशा गावाच्या पारावर घटकाभर बसले की एक गोष्ट सहज ध्यानात येते. एकाच वर्षी शाळेत नाव घातलेले, एकाच विहिरीचे पाणी प्यालेले, एकाच ज्वारीच्या भाकरीवर वाढलेले दोघे जण. त्यांतील एक सत्तरी ओलांडूनही सकाळी शेतात जाऊन येतो. दुसरा पन्नाशीतच साखरेच्या गोळ्यांवर आलेला, डोळ्यांनी अधू आणि जिना चढताना धापा टाकणारा. दोघांच्या जन्मतारखा सारख्या, वय मात्र सारखे नाही. याचे पारावरचे स्पष्टीकरण ‘ज्याचे त्याचे प्रारब्ध’ एवढ्यावर संपते.

विज्ञानाने हाच प्रश्न गेली शंभर वर्षे प्रामुख्याने प्राण्यांना विचारला आहे. या शोधाची एक वाट निलगिरीच्या डोंगरातून निघते, मुंबईच्या परळातून जाते आणि पुण्याजवळच्या सहा खेड्यांत पोहोचते. तिच्या पहिल्याच मुक्कामावर एक पिंजरा होता, ज्यातील उंदरांना ‘मराठा’ आहार दिला जात असे.

रॉबर्ट मॅक्कॅरिसन हा आयरिश डॉक्टर १९०१ साली इंडियन मेडिकल सर्व्हिसमधून हिंदुस्थानात आला. सुरुवातीची काही वर्षे त्याने गिलगिट भागात काढली. तेथील हुंझा लोकांची काटक प्रकृती पाहून त्याच्या मनात एक विचार पक्का रुजला : माणूस कसा जगतो, किती टिकतो, हे बऱ्याच अंशी त्याच्या ताटात काय पडते यावर ठरते. १९१८ मध्ये कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ‘बेरीबेरी चौकशी’ या नावाने त्याचे काम सुरू झाले. प्रारंभी ते अगदी लहान होते. १९२८ पर्यंत त्याची न्यूट्रिशन रिसर्च लॅबोरेटरीज झाली. हैदराबादची आजची राष्ट्रीय पोषण संस्था हे त्याच रोपट्याचे झाड. प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला हलली, त्या काळात तिची सूत्रे वि. ना. पटवर्धन या मराठी शास्त्रज्ञाकडे होती.

मॅक्कॅरिसनचा सर्वांत गाजलेला प्रयोग वरकरणी अगदी साधा होता. सारख्या वयाचे, सारख्या वजनाचे कोवळे पांढरे उंदीर घेतले, त्यांचे सात गट केले आणि प्रत्येक गटाला हिंदुस्थानातील एकेका समाजाचा आहार, त्या समाजाच्या पद्धतीने रांधून, देण्यात आला. शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली आणि मद्रासी असे ते सात पिंजरे. काही महिन्यांनी वजने झाली. वर दिलेला क्रम हाच निकालाचा क्रम ठरला : गव्हाची पोळी, दूध-लोणी, डाळी आणि भाजीपाला खाणारे ‘शीख’ उंदीर सर्वांत धष्टपुष्ट, सडलेल्या पांढऱ्या तांदळावर वाढलेले, दुधाला जवळजवळ पारखे असलेले ‘मद्रासी’ उंदीर सर्वांत खुरटे. ‘मराठा’ उंदीर तिसरे आले.

याहून अधिक बोलका होता तो दुसरा, लांबलेला प्रयोग. शिखांच्या आहारावर वाढवलेल्या हजारावर उंदरांची वसाहत मॅक्कॅरिसनने सव्वादोन वर्षे निरखली. उंदराचे दोन वर्षांचे वय म्हणजे माणसाची सुमारे पन्नाशी, असा त्याचा हिशेब होता. या वसाहतीत आजार जवळजवळ आढळलाच नाही आणि प्रौढ उंदीर नैसर्गिक कारणाने मेले नाहीत. निकृष्ट आहारावरच्या उंदरांची मात्र फुप्फुसे, आतडी, मूत्रपिंडे अशा नाना ठिकाणी मोडतोड झालेली शवविच्छेदनात दिसली. पन्नाशीचा शरीराचा हिशेब ताटावरून बदलतो, हे इतक्या ठसठशीतपणे त्यापूर्वी क्वचितच कोणी दाखवले असेल.

तथापि या प्रयोगाचे कौतुक करताना दोन गोष्टी नजरेआड करता येत नाहीत. ब्रिटिश लष्कराच्या डोक्यात ‘लढाऊ जमाती’ हे खूळ आधीच घट्ट बसलेले होते. शीख, पठाण, मराठे, गुरखे वर आणि बंगाली-मद्रासी खाली, ही उतरंड उंदरांनी दुजोरा दिल्यासारखी निघणे साम्राज्याला फार सोयीचे होते. स्वतः मॅक्कॅरिसनचा निष्कर्ष मात्र या खुळाच्या मुळावरच घाव घालणारा होता. सातही पिंजऱ्यांतील उंदीर एकाच जातकुळीचे होते. फरक रक्तात नसून ताटात होता. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ‘मराठा आहार’ म्हणजे कोणाचा? देशावरच्या सुखवस्तू शेतकऱ्याचा, की मोताळ्यात दुसऱ्याच्या शेतावर राबणाऱ्या शेतमजुराचा? एका समाजाचे एक ताट कल्पून त्याची सरासरी काढली की त्या समाजातील माणसामाणसांतला फरक आपोआप पुसला जातो. पिंजऱ्याची सरासरी हाती येते. पिंजऱ्यातला एखादा उंदीर इतरांहून आधी का थकला, हा प्रश्न तसाच उरतो.

त्याच सुमारास मुंबईत तो प्रश्न वेगळ्या वाटेने पुढे आला. १९२८ मध्ये लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर गिरणी कामगार स्त्रियांमध्ये गरोदरपणी होणाऱ्या एका जीवघेण्या पंडुरोगाचा अभ्यास करण्यासाठी परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाली. तिला दिसले की हा रोग गरीब, निकृष्ट आहार असलेल्या स्त्रियांना अधिक गाठतो. तिने त्या स्त्रियांचा आहार पांढऱ्या उंदरांना दिला. उंदीर फिके पडले, आणि गर्भारपणात काही मेले. कोडे सुटले असे वाटत असतानाच उघड झाले की या उंदरांच्या अंगावर उवा होत्या आणि त्या उवांतून पसरणाऱ्या बार्टोनेला नामक जंतूने पंडुरोग घडवला होता. प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या प्रत्येकाने भिंतीवर लिहून ठेवावा असा हा प्रसंग. दोन सजीवांतला जो फरक आपण आहाराच्या किंवा जनुकांच्या खाती मांडतो, तो कधीकधी एका उवेचा असतो.

विल्सने हार मानली नाही. तिने काही काळ कुन्नूरच्या प्रयोगशाळेतही काम केले, मग पुन्हा मुंबईला येऊन माकडांकडे मोर्चा वळवला. मुंबईच्या गरीब स्त्रियांच्या आहारावर ठेवलेल्या माकडांना तसाच पंडुरोग झाला, आणि यकृताच्या अर्काप्रमाणेच मार्माइट या स्वस्त यीस्टच्या अर्कानेही तो बरा झाला. पुढे तोच अर्क गिरणी कामगार स्त्रियांना देण्यात आला. गुण पाहता पाहता आला. १९३१ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. मार्माइटमधला तो अनामिक गुणकारी घटक काही वर्षे ‘विल्स फॅक्टर’ या नावाने ओळखला जाई. आज आपण त्याला फोलेट म्हणतो. गरोदर स्त्रियांना सरकारी दवाखान्यात ज्या लोह-फोलिक गोळ्या मिळतात, त्यांच्या मागे परळच्या पिंजऱ्यातली ती माकडे आहेत. फोलेटचे भावंड असलेले जीवनसत्त्व बी-१२ मात्र १९४८ पर्यंत वेगळे करता आले नव्हते. या भावंडाशी पुढे पुण्यात गाठ पडणार आहे.

इकडे मॅक्कॅरिसन सकस आणि भरपूर आहाराचा महिमा सांगत असताना अमेरिकेतून नेमकी उलट वार्ता आली. १९३५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील क्लाइव्ह मॅके व त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवले की दूध तुटल्यापासून अर्धपोटी ठेवलेले पांढरे उंदीर पोटभर खाणाऱ्यांपेक्षा जास्त जगतात. वाढ खुंटते, पण आयुष्य वाढते. एकादशी आणि सोमवार धरणाऱ्यांना हे ऐकून आनंद होईल. परंतु त्याच शोधनिबंधात एक खोच होती. लाभ ठळक दिसला तो नर उंदरांत. माद्यांत तो जवळपास दिसला नाही. म्हणजे पहिल्याच प्रयोगात उत्तर ‘कोणाचा उंदीर?’ यावर अवलंबून होते. पण त्या काळी सरासरीच्या जयजयकारात ही खोच बुडून गेली.

ती वर यायला पाऊणशे वर्षे लागली. २०१० मध्ये अमेरिकेत ४१ वेगवेगळ्या वंशावळींच्या छोट्या उंदरांना ४० टक्के कमी खाऊ घालण्याचा प्रयोग प्रसिद्ध झाला. काही वंशावळींचे आयुष्य वाढले. पण ज्यांचे घटले अशा वंशावळी त्यांहून अधिक निघाल्या. २०२४ मध्ये याहून मोठा प्रयोग आला. यात ९६० माद्या होत्या आणि माणसांप्रमाणे प्रत्येकीची जनुकीय ठेवण निराळी होती. कमी खाण्याने सरासरी आयुष्य वाढले खरे, परंतु कोण किती जगेल हे ठरवण्यात आहारापेक्षा जनुकीय वारशाचा वाटा मोठा दिसला. अर्धपोटी असूनही ज्यांनी आपले वजन टिकवून धरले त्या माद्या अधिक जगल्या, ज्या झपाट्याने वाळल्या त्या आधी गेल्या. उपवासाचे गोडवे गाणाऱ्या पुस्तकांत हा तपशील सहसा सापडत नाही.

मग सारा खेळ जनुकांचा म्हणावा, तर एका अगदी क्षुद्र प्राण्याने तेही म्हणू दिले नाही. सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स हा मातीत राहणारा, जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा सूत्रकृमी. तो बहुधा स्वतःच स्वतःचे फलन करतो, त्यामुळे त्याची संतती जनुकीयदृष्ट्या एकसारखी असते. एकाच बशीत, एकाच तापमानात, एकाच प्रकारचे जिवाणू खाऊन वाढणारे हे एकसारखे कृमी तरी एकाच वेळी म्हातारे व्हावेत? तसे होत नाही. काही दहा-बारा दिवसांत मरतात, काही महिनाभर रेंगाळतात. २००५ मध्ये कोलोरॅडोत टॉम जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी या कृमींत अशी योजना केली की उष्णतेचा ताण पडल्यावर बचावाचे एक प्रथिन जितके तयार होईल तितके ते शरीर चमकावे. सर्व कृमींना सारखाच चटका दिला. काही लख्ख चमकले, काही मंद. जे लख्ख चमकले ते अधिक जगले. जनुके तीच आणि बशीही तीच. तरी तारुण्याच्या पहिल्याच दिवशी त्यांच्यात फरक पडलेला होता. केलेब फिंच आणि थॉमस कर्कवुड या दोन अभ्यासकांनी २००० सालच्या आपल्या ग्रंथात या तिसऱ्या घटकाला सरळ यदृच्छा म्हटले : शरीर घडत असताना पेशींच्या पातळीवर पडणारे फासे. माणसांच्या बाबतीत डेन्मार्कच्या जुळ्यांचा १९९६ मधला अभ्यास सांगतो की आयुर्मानातील फरकाचा सुमारे पाव हिस्साच वारशाच्या खाती मांडता येतो. पारावरचे ‘प्रारब्ध’ इतके चुकीचे नव्हते म्हणायचे, फक्त त्याची जागा कपाळावरून पेशीत हलली.

येथे थोडे विषयांतर, कारण ते घराजवळचे आहे. जिवाणूही म्हातारे होतात का, या वादात पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयातील मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००६ मधला शोधनिबंध महत्त्वाचा मानला जातो. पेशी दुभंगताना जुना, झिजलेला माल एकीच्या गळ्यात घालून दुसरीला कोरी सोडायची, की दोघींत समान वाटायचा? परिस्थितीनुसार यांतला कोणताही व्यवहार फायद्याचा ठरू शकतो, म्हणजे वार्धक्य ही अटळ नियती नसून एक प्रकारची निवड असू शकते, असे त्यांनी मांडले. पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेत सुरेंद्र घासकडबी आणि सहकाऱ्यांनी ज्या हायड्राचा अभ्यास केला, त्याच्या कुळातील प्राण्यांत प्रयोगशाळेतील दीर्घ निरीक्षणातही म्हातारपणाची खूण सापडलेली नाही. डबक्यातल्या या इवल्याशा जीवापुढे मृत्युंजयाचा जप करणारे आपण सगळेच थिटे.

माणसाच्या अधिक जवळ जायचे तर माकडांकडे वळावे लागते, आणि तेथेही कथा हिंदुस्थानातूनच सुरू होते. १९३८ मध्ये क्लॅरेन्स कार्पेंटर याने येथून सुमारे ४०० लाल तोंडाची माकडे जहाजाने नेऊन पोर्टो रिकोजवळच्या कायो सँटियागो या चिमुकल्या बेटावर सोडली. आज तेथे त्यांचेच वंशज आहेत. २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळाने ते बेट उघडेबोडके केले. वादळाआधी आणि नंतर घेतलेल्या रक्ताच्या नमुन्यांची तुलना करून २०२२ मध्ये संशोधकांनी दाखवले की वादळातून गेलेल्या माकडांची रोगप्रतिकार यंत्रणा सरासरी सुमारे दोन वर्षांनी अधिक म्हातारी झाली होती. माकडाची दोन वर्षे म्हणजे माणसाची सात-आठ. मात्र हा फटका सर्वांना सारखा बसलेला नव्हता. तेच वादळ काहींना फारसे म्हातारे करू शकले नाही.

भारताने १९७८ मध्ये या माकडांची निर्यात बंद केली. तरी अमेरिकेत आधीच पोहोचलेल्या भारतीय वंशाच्या माकडांवर कमी खाण्याचा दीर्घ प्रयोग विस्कॉन्सिन येथे १९८९ मध्ये सुरू झाला. दुसरा तसाच प्रयोग राष्ट्रीय वार्धक्य संस्थेने १९८७ पासूनच चालवला होता. विस्कॉन्सिनने २००९ मध्ये सांगितले की कमी खाणारी माकडे वयाच्या आजारांनी कमी मरतात. दुसऱ्या संस्थेने २०१२ मध्ये सांगितले की आयुष्यात फरक पडत नाही. पुढे दोघांनी एकत्र बसून हिशेब जुळवला. विस्कॉन्सिनच्या अन्नात साखर भरपूर होती आणि तुलनेच्या गटातील माकडे मनसोक्त खात होती. दुसरीकडे तुलनेच्या गटालाही मोजूनच खायला मिळत होते. कोणाशी तुलना करायची, एवढ्यावर पंचवीस वर्षांच्या प्रयोगाचा निकाल फिरला.

आता पुणे. १९९३ मध्ये केईएम हॉस्पिटल रिसर्च सेंटरचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी इंग्लंडमधील डेव्हिड बार्कर, कॅरोलिन फॉल यांच्या सहकार्याने पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक अभ्यास सुरू केला. बार्करने जुन्या जन्मनोंदींवरून दाखवले होते की जन्मतः कमी वजनाची मुले पुढे हृदयविकार आणि मधुमेह यांना अधिक बळी पडतात. म्हणजे वार्धक्याच्या वाटेचा पहिला कोस गर्भातच चालून झालेला असतो. याज्ञिकांनी गर्भधारणेपूर्वीच स्त्रियांची नोंद करून त्यांच्या बाळांचा माग ठेवला. शेतावर राबणाऱ्या या आया सरासरी ४२ किलो वजनाच्या. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची बाळे ३.५ किलोंची. येथवर अपेक्षितच. पण बाळांच्या पाठीवरील त्वचेची घडी मोजली तेव्हा कळले की पुण्याच्या बाळांत स्नायू आणि अवयव कमी पडले असले, तरी चरबी जवळजवळ इंग्लिश बाळांइतकीच टिकून होती. बारीक दिसणारे, पण आतून स्थूल असे हे बाळ.

हा फरक प्रौढांत कसा दिसतो, याचा पुरावा याज्ञिकांनी स्वतःच्याच अंगावर दिला. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचे आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंची-वजनाचे गुणोत्तर दोघांचेही २२.३. शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्याला जे दिसत नाही ते एका छायाचित्राने दाखवले. मोताळ्याच्या पारावरचा तो दुसरा गृहस्थ कदाचित कधीच लठ्ठ नव्हता. डॉक्टरांनी साखर सांगितली तेव्हा घरच्यांना म्हणूनच नवल वाटले असेल.

या आयांच्या रक्तात एक गोष्ट वारंवार दिसली : सुमारे दोन-तृतीयांश जणींत बी-१२ कमी होते. हे जीवनसत्त्व वनस्पती तयार करत नाहीत. ते दूध, अंडी, मांस, मासे यांतून येते. भाकरी, तुरीचे वरण आणि ठेचा हे वऱ्हाडी ताट कितीही चवदार असले तरी त्यात बी-१२ नाही. २००८ मध्ये याज्ञिक यांच्या गटाने दाखवले की ज्या आयांत बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्शुलिनला शरीराचा प्रतिसाद मंद झालेला होता. लूसी विल्सने ज्या फोलेटने बायका वाचवल्या, तेच फोलेट भावंडाविना आले की डाव वेगळा पडतो. यावरून कोणी फोलिक गोळ्या बंद करू नयेत, त्या पंडुरोगापासून वाचवतातच. उणीव दुसऱ्या भावंडाची आहे.

माणसांत असे संबंध दिसतात, परंतु कारण आणि परिणाम पक्के करायला माणसांवर प्रयोग करता येत नाहीत. येथे पुन्हा उंदीर आले, आणि तेही कुन्नूरच्या वारस संस्थेतून. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने विस्टार जातीच्या पांढऱ्या उंदरांची एक वसाहत पिढ्यान्‌पिढ्या कुपोषित ठेवलेली होती. पुण्यात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात संशोधन केलेले आणि पुढे सिडनीला गेलेले आनंदवर्धन हार्डीकर, पुण्याच्या कल्पना जोशी, याज्ञिक आणि इतर सहकाऱ्यांनी पन्नास पिढ्या कुपोषित राहिलेल्या या उंदरांची पोटभर खाणाऱ्या वंशाशी तुलना करून २०१५ मध्ये ‘सेल मेटाबॉलिझम’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले.

कुपोषित वंशाची पिले जन्मतः हलकी होती. त्यांच्या पोटात चरबी अधिक होती, रक्तात इन्शुलिन जास्त पण त्याचा परिणाम कमी होता, आणि बी-१२ व फोलेट दोन्ही खालावलेले होते. स्वादुपिंडाला इजा करणाऱ्या औषधाची मात्रा दिली असता ते पोटभर खाणाऱ्या वंशापेक्षा कित्येक पटींनी सहज मधुमेही झाले. पुण्याच्या बाळांची ही जणू छापील प्रत. इन्शुलिनच्या जनुकाच्या अक्षरांत बदल नव्हता. पण ते जनुक ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेले असते त्यांच्यावरच्या रासायनिक खुणा बदललेल्या होत्या. मग या वंशातील उंदरांना पोटभर खायला दिले, सलग दोन पिढ्या. खुणा पुसल्या गेल्या नाहीत आणि धोकाही टळला नाही. खुरटलेल्या शरीरावर अचानक सुबत्ता आली तेव्हा चरबी मात्र वाढली.

मॅकेचे अर्धपोटी उंदीर दीर्घायुषी आणि हैदराबादचे अर्धपोटी उंदीर मधुमेही, ही विसंगती वरवरची आहे. मॅकेने उष्मांक कापले, पण प्रथिने, क्षार, जीवनसत्त्वे राखली. आणि उपासमार सुरू केली ती दूध तुटल्यावर. त्याच्या उंदरांच्या आया गर्भारपणी पोटभर जेवलेल्या होत्या. हैदराबादच्या उंदरांची भूक गर्भातली, आईची, आजीची आणि तिच्याही आजीची होती. शहरातील सुखवस्तू माणूस रात्रीचे जेवण सोडतो आणि दुष्काळात मजूर बाई रात्रीचे जेवण सोडते. दोघांच्याही ताटात तेवढाच रिकामेपणा दिसतो, शरीराला मात्र ते दोन वेगळे प्रसंग वाटतात.

अर्थात उंदराची साक्ष किती धरायची, यालाही मर्यादा आहे. माणसाच्या पन्नास पिढ्या म्हणजे हजाराहून अधिक वर्षे. इतका काळ अखंड उपाशी राहिलेला समाज कोठेच नाही. उंदीर पिंजऱ्यात एकाच तऱ्हेची भूक सोसतो. वऱ्हाडाने १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे लागोपाठ दोन दुष्काळ पाहिले, पुढे १९७२ पाहिला. मधल्या काळात कापसाला भाव आला तेव्हा बरे दिवसही पाहिले. त्याच गावात ज्याच्या घरी म्हैस होती त्याचा दुष्काळ वेगळा, ज्याच्या घरी नव्हती त्याचा वेगळा. आणि घरातही आधी जेवणाऱ्याचा वेगळा, शेवटी उरलेसुरले खाणारीचा वेगळा. शिवाय उंदीर स्वतःची विष्ठा खातो आणि आतड्यातील जंतूंनी बनवलेली काही जीवनसत्त्वे त्याला तशी परत मिळतात. म्हणून जीवनसत्त्वांच्या जुन्या प्रयोगांत पिंजऱ्याला जाळीचा तळ लावावा लागे. माणसाला ही सोय नाही.

तरीही एक गोष्ट उंदरांनी सिद्ध केली, जी पुण्याच्या खेड्यांतील आकडेवारीला एकटीने साधली नसती : मधुमेह लवकर येणे हा केवळ त्या माणसाच्या जिभेचा दोष नसतो. दवाखान्यात ‘खाणे आवरा’ एवढे ऐकून खाली मान घालून बाहेर पडणाऱ्या पन्नाशीच्या शेतमजुराच्या दृष्टीने हा फरक लहान नाही.

पुण्याच्या अभ्यासातील १९९३ नंतर जन्मलेली ती बाळे मोठी होत गेली. २०१२ मध्ये, ती पौगंडावस्थेत असताना, याज्ञिक यांच्या गटाने पुढचा प्रयोग सुरू केला : या मुलामुलींना लग्नाआधी, मूल होण्याच्या कितीतरी आधी, रोज दोन मायक्रोग्रॅम बी-१२ द्यायचे. काहींना त्यासोबत इतर सूक्ष्म पोषकद्रव्ये, काहींना नुसती निर्गुण गोळी. कोणाला काय मिळते हे शेवटपर्यंत गुप्त. उंदरांत दोन पिढ्या पोटभर खाऊनही जे पुसले गेले नाही, ते माणसात गर्भधारणेपूर्वीच्या काही मायक्रोग्रॅमने हलते का, हा प्रश्न. त्या मुलींना आता मुले झाली आहेत. त्यांच्या नाळेतील रक्ताचे नमुने घेतले गेले, बाळांची वजने झाली, त्वचेच्या घड्या मोजल्या गेल्या. ही तिसरी पिढी आज शाळेत जाण्याच्या वयाची आहे. तिची पन्नाशी उजाडायला अजून चाळीसएक वर्षे आहेत.